जुन्या राणीछाप-राजाछाप चांदीच्या रुपयांची अवस्था घरी कशी ओळखावी? विकण्याआधी ते उजळावेत का?

तुमच्या आजीच्या डब्यात दहा-बारा रुपये निघाले, त्यातले काही काळे पडलेत, सराफ वजनावर मागतोय आणि घरचे म्हणताहेत आधी चिंचेने घासून घ्या. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. देवघरातल्या रुपयांवर हळदकुंकू बसलेलं असतं, तेही साध्या पाण्यात भिजवून जेवढं सुटेल तेवढंच काढा आणि टिपून घ्या, पुसू नका.

कारण घासल्याने नाण्याची मूळ चकाकी जाते. टांकसाळीत ठसा पडताना चांदी कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा सोडते. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की प्रकाशाचे पट्टे मध्याभोवती फिरताना दिसतात, ते या रेषांमुळे. घासलेलं नाणं पांढरंफेक दिसतं, पण कसंही फिरवा, प्रकाश जागचा हलत नाही. दहापटीच्या भिंगातून चित्र-अक्षरं नसलेल्या मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात. संग्राहक आधी तेच शोधतो. कडेला निळसर-सोनेरी आणि मध्ये राखाडी असा काळेपणा असेल, तर उलट आनंद माना, त्याचे जास्त पैसे देणारे लोक आहेत.

आता झीज. नाणं सगळीकडे सारखं झिजत नाही, उंच भाग आधी जातात. १८६२ पासूनच्या व्हिक्टोरियाच्या रुपयावर कानावरचे केस, मुकुटाचा पट्टा आणि छातीवरची वेलबुट्टी पाहा. वेलबुट्टीची फुलं वेगवेगळी मोजता आली तर नाणं चांगलं, नुसता सपाट अंगरखा उरला असेल तर साधारण. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, म्हणून कानाची पाळ, त्यावरचे केस आणि दाढी. पाचव्या जॉर्जच्या अंगावरच्या झग्यातला हत्ती. १९११च्या रुपयावर हाच हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, वाटप थांबवून बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट केली. १९११चा निघाला तर बाजूला ठेवा.

बाजारात दर्जा सांगताना फाइन, व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं) असे शब्द ऐकू येतील. चेहरा आणि अक्षरं स्पष्ट, पण केस एकसंध झालेले म्हणजे फाइन. केसांच्या मुख्य बटा दिसतात तो व्हीएफ. फक्त उंच टोकांवर किंचित घास आहे आणि कोनाकोपऱ्यांत मूळ चकाकी उरली आहे तो एक्सएफ. झीज अजिबात नाही तो यूएनसी. परदेशी कंपन्या नाणं प्लास्टिकमध्ये सीलबंद करून १ ते ७० अंक देतात, पण साध्या रुपयासाठी तो खर्च परवडत नाही असं माझं मत. आणि विकणाऱ्याचा यूएनसी हा विकत घेताना त्याच माणसाचा व्हीएफ असतो, एवढं गृहीत धरूनच बोलणी करा.

एक फसगत टाळा. काही नाण्यांवर ठसाच मुळात हलका पडलेला असतो, त्यामुळे केस पुसट दिसतात. तिथे पृष्ठभाग खडबडीत आणि चमकता राहतो. झिजलेली जागा गुळगुळीत आणि मंद राखाडी असते.

वजन मात्र जरूर करा. १८३५ पासूनचा रुपया म्हणजे जुना एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आजचा दहा ग्रॅमचा नव्हे. त्यात ९१.७ टक्के चांदी. सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी ५० टक्क्यांवर आणली, म्हणून सराफाकडे जाण्याआधी दोन्ही गठ्ठे वेगळे करा. झिजलेला रुपया किंचित कमी भरतो, पण अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल किंवा चुंबकाला चिकटला तर नकली असल्याचा संशय घ्या. १९३९चा रुपया दुर्मिळ आहे आणि त्याच्या नकला भरपूर फिरतात. तुमच्याकडे निघाला तर जाणकाराला दाखवल्याशिवाय खूश होऊ नका.

हारासाठी कडी डाखलेले रुपये कितीही कोरे दिसोत, ते चांदीच्या भावानेच जातात. कडी काढून, कड घासून आणलेला रुपयाही जाणकाराला दातेरी कडेवरून लगेच कळतो.

सगळ्यात आधी १८६२ साल असलेले वेगळे काढा. टांकसाळींनी हेच साल १८७४ पर्यंत छापलं आणि मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूला टिंबं टाकून त्या-त्या वर्षाची नाणी वेगळी ओळखू येतील अशी सोय केली. त्यातलं कमी सापडणाऱ्या टिंबांचं एखादं बेताच्या अवस्थेतही चांगले पैसे देऊन जातं. दोन्ही बाजूंचे फोटो तिरक्या उजेडात, फ्लॅश न लावता काढून इथे टाका, टिंबं मी मोजून सांगतो.