‘माझ्या हातून एखाद्या मुलाला काही झालं तर?’

दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा सुरुवात कशानेही होवो, गाडी बहुधा याच प्रश्नावर येऊन थांबते. पाळणाघर चालवणाऱ्या बाई असोत, स्कूलबसवरच्या ताई असोत, नाहीतर लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स. गेल्या हिवाळ्यानंतर हाच प्रश्न घेऊन एक कॅम्प इन्स्ट्रक्टर आला. त्याला निखिल म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निखिल २६ वर्षांचा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स असे दोन्ही कोर्स केलेला. नाताळच्या सुट्टीत भंडारदऱ्याच्या बाजूला शाळांचे निवासी कॅम्प लागतात. तिथे तो रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) आणि व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणं) घेतो, पोरांना कळसूबाईवर नेतो. काम आवडीचं आणि हातही तयार, पण झोप उडालेली. मुलं तंबूत झोपली की हा टॉर्च घेऊन मोजायला निघे. परत येऊन स्लीपिंग बॅगेत शिरतो न शिरतो तोच शंका यायची, तिसऱ्या तंबूत पाच होते की चार? की पुन्हा उठायचं, बाहेरच्या थंडीत. दिवसा कड्यावर कॅरॅबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू एकदा आवळून झाला तरी पुन्हा पिळून बघायचा, मग आणखी एकदा. मागची रांग ताटकळायची. घरी परतल्यावरही मध्यरात्री मोबाइलवर निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचं कलम वाचत बसायचा. भारतीय न्याय संहिता, कलम १०६, ५ वर्षांपर्यंत कैद. पाठच झालं होतं त्याला. रात्री दोनला कायदा वाचून कुणाला शांत झोप लागल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

“आई म्हणते, सोड हे, बँकेच्या परीक्षा दे. मित्र म्हणतात, तू फार जबाबदार आहेस म्हणून असं होतं. मॅडम, खरं काय?”

मनाचं मी जरा बाजूला ठेवलं आणि कॅम्पचं विचारलं. तिथे खरोखर काय बिघडतं? निखिल खुलला. कॅम्पचं शौचालय नको म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि थंडीमुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही. एखादा मुलगा दम्याचा पंप सॅकच्या तळाशी लपवतो, कारण मित्र हसतील. सुट्टीच्या दिवशी कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर इतकी गर्दी होते की आपली मुलं पुढे-मागे फाटतात. कुठे धूर झाला की कड्यावरचं आग्या मोहोळ उठू शकतं. हे सगळं तो घडाघडा सांगत होता.

मग विचारलं, “यातलं तू रात्री काय तपासतोस?”

तो गप्प झाला. यातलं काहीच नाही. रात्री मुंडकी मोजायची आणि दिवसा स्क्रू. डोळ्यांसमोर चित्र यायचं ते मूल कड्यावरून पडल्याचं किंवा अंधारात हरवल्याचं, म्हणून तपासणीही तिथेच फिरायची. काळजीचं हे असं असतं. जे चित्र सर्वांत भयानक, तिकडे ती धावते. धोका कुठे जास्त आहे हे ती विचारत नाही. पाणी न प्यालेली मुलगी त्या चित्रात नसतेच.

पुन्हा तपासलं की खात्री वाढते, हाही एक गैरसमज. व्हॅन डेन हाउट आणि किंट या डच संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना संगणकावरच्या गॅसच्या शेगड्या चालू-बंद करून पुन्हा पुन्हा तपासायला लावल्या. वारंवार तपासणाऱ्यांना शेवटच्या वेळी काय तपासलं ते इतरांइतकंच बरोबर आठवत होतं. पण ती आठवण पुसट वाटत होती आणि तिच्यावरचा विश्वास घटला होता. निखिलला हे ऐकून हसू आलं. “म्हणजे पाच की चार, हा घोळ मोजण्यानेच झाला?” बराचसा, हो.

आता दोरावर लटकणाऱ्या मुलांचा प्रश्न असताना ‘कमी तपास’ असं कोणी सांगणार नाही, मी तर नाहीच. आम्ही ठरवलं ते असं. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक उतरणीआधी एकदा पूर्ण तपासणी: हार्नेस (दोराला जोडायचे अंगावरचे पट्टे), हेल्मेट, गाठ, स्क्रू. मग दुसऱ्या इन्स्ट्रक्टरने तेच स्वतंत्रपणे बघायचं आणि मोठ्याने ‘चेक’ म्हणायचं. त्यानंतर तिसरा हात लावायचा नाही. मधे मुलाने काही सोडलं, सैल केलं, तर पहिल्यापासून. रात्रीही तसंच: दोघांनी मिळून मोजायचं, वहीत आकडा, वेळ, सह्या. वही मिटली की उठायचं ते आवाज आला किंवा कुणी हाक मारली तरच.

पहिल्या रात्री फार वाईट जातील, हे आधीच सांगितलं होतं. गेल्याही तशाच. उठावंसं वाटण्याची ती लाट न उठताही ओसरते, हे एकदा अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही.

“पण एवढं करूनही काही झालं तर?” काही होणार नाही, असं मी त्याला म्हटलं नाही. ते खोटं ठरलं असतं आणि दोन दिवसांनी त्याला तेच आश्वासन पुन्हा लागलं असतं. डोंगरावर शून्य धोका नसतो. त्याच्या हाती त्याचं काम नीट करणं आहे, निकाल पूर्णपणे त्याच्या हाती नाही. हे वाक्य त्याला आवडलं नाही. अजूनही फारसं आवडत नाही.

आणि एक गोष्ट त्याच्या डोक्यातली नव्हतीच. बोलता बोलता कळलं की रात्रपाळी अशी तिथे नव्हतीच. दिवसभर कड्यावर उभा राहिलेला माणूसच रात्रीचाही राखणदार, तेही कॅम्पमागून कॅम्प. मुलांचे आजार, औषधं लिहिलेले फॉर्म शाळेकडे पडून, इन्स्ट्रक्टरच्या हाती येतच नव्हते. अशा ठिकाणी झोप लागत नसेल तर तो निव्वळ मनाचा आजार कसा म्हणायचा? अपुरी झोप झालेला माणूस दोराशी नको, हे तर त्याला मोहिमांवरच शिकवलं होतं. म्हणून निम्मं काम आम्ही एका पत्रावर केलं. आयोजकांना काय मागायचं आणि नाही म्हणाले तर काय, ते लिहून काढलं. अशा माणसाला फक्त दीर्घ श्वास शिकवून परत पाठवणं मला पटत नाही.

अशीच मोजदाद तुमचे रोजचे तास खात असेल, कॅम्प नसतानाही कुलूप, गॅस, नळ यांवर सुरू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला जरूर भेटा. मंत्रचळावर, म्हणजे ओसीडीवर, चांगले उपचार आहेत. लगेच कुठे जाणं जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर मोफत फोन करता येतो, मराठीतही.

निखिलने बँकेचा फॉर्म भरला नाही. आयोजकांनी आरोग्याचे फॉर्म आधी मागवायला सुरुवात केली आणि दोघांची तपासणीही मान्य केली. रात्रपाळीसाठी वेगळा माणूस द्यायला मात्र ते खर्चाचं कारण सांगतात. डिसेंबरआधी ते ठरलं नाही तर तो दुसरीकडे जाणार आहे. दोन ठिकाणी विचारून झालंय, आणि तिथे त्याने सगळ्यात आधी रात्रपाळीचंच विचारलं.