एकाच गावची शार्डोने एका साली भरदार, दुसऱ्या साली धारदार का लागते?

शाब्ली हा फ्रान्सच्या बर्गंडीतला थंड भाग, आणि तिथली पांढरी वाईन शार्डोने जातीच्या द्राक्षांची. तिथल्या एकाच उत्पादकाच्या २०२० आणि २०२१ सालच्या बाटल्या इतक्या वेगळ्या कशा, असा तुमचा प्रश्न आहे. वर्षाचं सरासरी तापमान बघून याचं उत्तर मिळत नाही. कुठलं हवामान वेलीच्या कुठल्या अवस्थेत आलं, ते बघावं लागतं.

शार्डोनेचे डोळे (काडीवरचे कोंब) लवकर फुटतात, आणि तीच तिची दुखरी बाजू. २०२१ मध्ये मार्चअखेर ऊन पडलं, डोळे फुटले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पारा शून्याखाली गेला. कोवळी फूट साधारण उणे २ अंशांच्या आसपास जळते. बागेत मेणाच्या शेगड्या पेटवतात किंवा फुटीवर रात्रभर पाणी फवारतात (पाणी गोठताना सोडत असलेली उष्णता कोंब वाचवते, पण फवारा मध्येच बंद पडला तर नुकसान आणखी वाढतं). जळालेल्या काडीवर मागाहून फूट येते, पण तिला घड कमी लागतात आणि ते उशिरा पिकतात. एकाच बागेत दोन वयांचे घड असले की तोडणीची तारीख ठरवणं डोकेदुखी होते.

जूनमधल्या फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला तर गळ होते किंवा मणी बारीक-मोठे राहतात. उत्पादन घटतं, मात्र बारीक मण्यांचा रस दाट असतो, त्यामुळे वाईनसाठी हे नेहमीच वाईट नसतं.

खरा फरक पडतो मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागल्यावर. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक श्वसनात जळतं, उष्णतेत भराभर. टार्टारिक बरंचसं टिकतं. २०२१ चा उन्हाळा थंड आणि ओला होता, केवडा आणि भुरी या वेलीच्या रोगांनी छळलं, तोडणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेली. रसात मॅलिक भरपूर, साखर कमी. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल होतं, म्हणून तिथे अशा साली आंबवताना साखर घालायची मुभा वापरतात. चव लिंबू, हिरवं सफरचंद, बारीक अंगाची. २०२० कोरडं आणि उष्ण होतं, तोडणी लवकर झाली, फळाची चव पिकलेल्या पीचकडे झुकली.

तरी २०२० बेचव झालं नाही, आणि ‘गरम साल म्हणजे आम्ल गेलं’ हा सरधोपट नियम मला इथेच पटत नाही. शिल्लक आम्लात टार्टारिकचा वाटा मोठा होता. दुसऱ्या आंबवणीत जिवाणू मॅलिकचं सौम्य लॅक्टिक करतात. टार्टारिकला ते सहसा हात लावत नाहीत. म्हणून २०२१ च्या रसाचा आंबटपणा तळघरात बराच उतरला, २०२० चा फारसा नाही. २०१८ मध्ये मात्र उष्णतेच्या जोडीला पीकही भरघोस आलं आणि पुष्कळ वाईन मऊ, सैल निघाल्या.

लोण्याची किंवा व्हॅनिलाची चव हवामानाच्या खात्यात टाकू नका. पहिली त्या दुसऱ्या आंबवणीची, दुसरी ओकच्या पिंपाची.

आपल्याकडे नाशिक-अकलूजला गणित उलटं आहे. फळछाटणी पावसाळा ओसरताना होते आणि पिकताना पारा चढत जातो. शाब्लीत सप्टेंबरमध्ये तो उतरत असतो. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात एखादा आठवडा जास्त थांबलं की ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) वाढते, पण आम्ल पडतं. म्हणून इथे तोडणी लवकर, तीही पहाटेच्या गारव्यात केलेली बरी.

पुढच्या वेळी दोन सालं ताडून बघताना आधी लेबलवरचं अल्कोहोल वाचा: १२ ते १२.५ असेल तर बहुधा थंड साल (साखर घातली असेल तर हा अंदाज फसतो), १३.५ च्या पुढे असेल तर बहुधा उष्ण. आणि बाटल्या फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा. १० ते १२ अंशांना फरक नीट कळतो. ५-६ अंशांना वास दबतो आणि दोन्ही नुसत्या आंबट लागतात.