वर्तुळाचे प्रश्न: आधी त्रिज्या जोडा, मग बोलू

गेल्या अंकात वर्तुळावरचे प्रश्न पाठवा म्हणून लिहिलं होतं. पत्रं वाचली तर निपाणीपासनं खानापूरपर्यंत दुखणं एकच, सूत्र तोंडपाठ आहे पण आकृती समोर आली की पेन हलत नाही. आणि नुसते विद्यार्थी नाहीत बरं का, गवंडी आहेत, सुतार आहेत, ऊसवाले शेतकरी आहेत. माझं सगळ्यांना सांगणं एकच असतंय, गोल दिसला की पहिल्यांदा केंद्र हुडका आणि तिथनं त्रिज्या जोडा, त्याच्याआधी सूत्राला हात लावू नका. का, ते उत्तरांत येतंयच.

प्रश्न: सर, परिघावरचा कोन केंद्रावरच्या कोनाच्या निम्मा असतो हे पाठ आहे, पण निम्माच का? विचारलं तर "प्रमेय आहे, पाठ कर" एवढंच सांगतात.
(नववीतली विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर: पोरी, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे, आणि "प्रमेय आहे" हे काय त्याचं उत्तर झालं नाही. वही घे. वर्तुळ काढ, केंद्राला म म्हण. परिघावर खालच्या बाजूला अ आणि ब असे दोन बिंदू घे आणि वरच्या बाजूला परिघावरच एक प घे. प पासनं अ ला आणि ब ला रेषा मारलीस की झाला परिघावरचा कोन, आणि म पासनं अ ला, ब ला मारलीस की झाला केंद्रावरचा. इथपर्यंत सगळेच करतात आणि इथंच बसून राहतात. आता तिसरी त्रिज्या जोड, प ते म, आणि ती म च्या पलीकडं थोडी वाढव.

बघ काय झालं. म अ आणि म प दोन्ही त्रिज्याच, म्हणजे लांबी सारखी, म्हणजे त्रिकोण म अ प समद्विभुज, म्हणजे प जवळचा कोन 25 अंश असला तर अ जवळचा पण 25 च असणार. आणि आपण वाढवलेल्या रेषेमुळं केंद्राजवळ जो बाहेरचा कोन तयार झालाय तो या दोघांची बेरीज, 50. दुसऱ्या बाजूच्या त्रिकोणात पण हेच, प जवळ 35 असला तर केंद्राजवळ 70. आता जोड: प जवळ 25 आणि 35 मिळून 60, केंद्राजवळ 50 आणि 70 मिळून 120. प जवळ जो तुकडा एकदा मोजला तोच केंद्राजवळ दोनदा आला, तेवढीच गोष्ट. 25, 35 च्या जागी तुला पाहिजे ते आकडे घाल, काय फरक पडत नाही.

कधी कधी केंद्र कोनाच्या आत न येता बाहेर पडतंय, तेव्हा दोन त्रिकोणांची बेरीज न करता वजाबाकी करायची, बाकी सगळं तेच. आणि केंद्र कोनाच्या बाजूवरच आलं तर एकाच त्रिकोणात काम भागतंय. तिन्ही आकृत्या काढून बघ, एकच काढून सिद्धता झाली असं समजू नको.

आणि हे एक कळलं की पुढचं बरंच फुकटात मिळतंय. एकाच कंसावर परिघाच्या त्याच बाजूनं कितीही कोन काढ, सगळे सारखे, कारण सगळे एकाच केंद्रीय कोनाच्या निम्मे. व्यासावर केंद्राजवळ सरळ 180 असतंय, म्हणून अर्धवर्तुळातला कोन 90. चक्रीय चौकोनात, म्हणजे ज्याचे चारी कोपरे परिघावर आहेत त्यात, समोरासमोरचे दोन कोन मिळून सगळा परीघ बघतात, केंद्राजवळ 360 होतात, त्याचं निम्मं 180. प्रमेयं चार पण काम एकाच त्रिज्येचं.

प्रश्न: जुन्या गोल टेबलाची फळी आहे, मधोमध पाय बसवायचाय. मध्य दोरीनं काढला तर प्रत्येक वेळी थोडा इकडंतिकडं येतोय. पक्का मध्य कसा काढायचा?
(सुतारकाम करणारे वाचक, खानापूर)

उत्तर: दादा, गुण्या तर तुमच्या हातातच असतोय, दोरी कशाला. गुण्याचा काटकोनाचा कोपरा बरोबर फळीच्या कडेवर टेकवा. दोन्ही पट्ट्या फळीवरनं जाऊन समोरची कड जिथं जिथं कापतील तिथं पेन्सिलनं खुणा करा आणि त्या दोन खुणा सरळ रेषेनं जोडा. ती रेषा व्यास, हमखास. वरच्या निपाणीच्या पोरीला सांगितलं तेच उलटं झालं, परिघावर कोन 90 म्हणजे केंद्रावर 180, म्हणजे रेषा केंद्रातनंच जाणार. मग गुण्या दुसरीकडं सरकवून आणखी एक व्यास काढा, दोन्ही जिथं कापतात तो मध्य. दोन्ही व्यास एकमेकांच्या फार जवळ नकोत, जरा आडवेतिडवे घ्या, नाहीतर पेन्सिलच्या जाडीनंच घोटाळा होतोय. आणि तिसरा व्यास काढून तपासा. तो मध्यातनं गेला नाही तर तुमची फळीच पूर्ण गोल नाही, जुन्या लाकडात होतंय तसं.

गुण्या लहान पडला तर दोन जीवा काढा, म्हणजे कडेवरचे दोन दोन बिंदू जोडा, आणि प्रत्येक जीवेच्या मध्यावर काटकोनात रेघ मारा. त्या दोन रेघा केंद्रातच भेटतात. फळी मोडून नुसता तुकडा उरला असला तरी ही युक्ती चालते.

प्रश्न: दरवाजावर कमान घ्यायची आहे. दरवाजा 120 सेंटीमीटर रुंद, कमानीची मधली उंची 20 पाहिजे. सेंटरिंगची प्लाय कापायला दोरी किती धरायची?
(गवंडीकाम करणारे वाचक, हुक्केरी)

उत्तर: मिस्त्री, इथं पूर्ण गोल हातात नाही, नुसता कंस आहे. रुंदी ही जीवा, तिच्या मध्यापासनं कमानीच्या टोकापर्यंतची उंची 20. रुंदीचं निम्मं करा, 60. त्याचा वर्ग 3600. त्याला उंचीनं भागा, 180. त्यात तीच उंची मिळवा, 200. हा झाला पूर्ण गोलाचा व्यास, तर दोरी धरायची 100 सेंटीमीटर. खिळा कुठं ठोकायचा? दरवाजाच्या बरोबर मध्यावर, कमान जिथनं सुरू होते त्या लेव्हलच्या 80 खाली.

पटत नसेल तर तपासा: खिळ्यापासनं कमानीच्या सुरुवातीच्या टोकाला त्रिज्या जोडा, काटकोन त्रिकोण होतोय, एक बाजू 60, एक 80, कर्ण 100. 3600 आणि 6400 मिळून 10000, बसलं की नाही.

हा हिशोब आजकालचा नाही बरं का, भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावतीत हाच नियम आहे, अर्ध्या जीवेचा वर्ग शरानं भागा, शर मिळवा, व्यास येतो. शर म्हणजे तुमची ती 20 ची उंची. भास्कराचार्यांचं गाव कुठलं यावर विजापूरवाले आणि चाळीसगाववाले दोघंही हक्क सांगतात, सीमाभागात राहून मी त्या वादात पडणार नाही.

प्रश्न: कंसाची लांबी आणि वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ, दोन्ही सूत्रं सारखी दिसतात, पेपरात उलटीच लिहिली जातात. आणि वर्तुळखंड म्हणजे नेमकं काय?
(दहावीतला विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर: सारखी दिसतात कारण ती सारखीच आहेत रे. एकच प्रश्न विचारायचा, पूर्ण गोलाचा कितवा हिस्सा? पाकळी म्हणजे दोन त्रिज्या आणि कंस यांच्यामधला तुकडा. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन छताकडं बघ, 1204 सालचं जैन देऊळ आहे, वरनं दगडी कमळ खाली आलंय आणि त्याला 72 पाकळ्या आहेत, मागचे, आत्ताचे आणि पुढचे असे 24 चे तीन मिळून 72 तीर्थंकर. सगळ्या पाकळ्या एकाच गोलात सारख्या मांडल्या असं धर आणि 360 ला 72 नं भाग, एका पाकळीच्या वाट्याला केंद्राजवळ 5 अंश. म्हणजे एका पाकळीला परिघाचा पण बहात्तरावा हिस्सा आणि क्षेत्रफळाचा पण बहात्तरावाच. लांबी विचारली तर परिघाचा हिस्सा घे, जागा विचारली तर क्षेत्रफळाचा, सूत्र तिथंच संपलं.

आकड्यात बघ. त्रिज्या 14, कोन 90. हिस्सा एक चतुर्थांश. परीघ 88, कंस 22. क्षेत्रफळ 616, पाकळी 154. तपासायचं असेल तर कंस गुणिले त्रिज्या भागिले 2 कर, 22 गुणिले 14 चं निम्मं, परत 154 च. ही तपासणी परीक्षेत अर्ध्या मिनिटात होते, पोरं करत नाहीत.

वर्तुळखंड म्हणजे जीवा आणि कंस यांच्यामधला तुकडा. पाकळीतनं त्रिकोण काढून टाकला की तो उरतो. इथं त्रिकोण 14 गुणिले 14 चं निम्मं, 98. 154 वजा 98, राहिले 56. केंद्राचा बिंदू तुकड्याच्या टोकाला असला तर पाकळी, नसला तर खंड, असं लक्षात ठेव. व्यासावर मात्र खंड आणि पाकळी दोन्ही म्हणजे तेच अर्धवर्तुळ.

प्रश्न: मुलाच्या पुस्तकात कुठं 22/7 घेतात, कुठं 3.14. उत्तरं जुळत नाहीत. खरं कुठलं?
(एक पालक, अथणी)

उत्तर: दोन्ही खरे नाहीत, ताई. पायची किंमत 3.14159 अशी पुढं न संपता जाते, आणि ती कुठल्याच अपूर्णांकात पूर्ण बसत नाही हे 1761 च्या सुमारास लँबर्टनं सिद्ध केलंय. 22/7 थोडा जास्त आहे, 3.14 थोडा कमी. बैलगाडीचं 140 सेंटीमीटर व्यासाचं चाक घ्या. 22/7 नं परीघ 440 येतो, 3.14 नं 439.6, खरा 439.82. म्हणजे 22/7 च जरा जवळचा, लोकांना उलटं वाटतं. आर्यभटानं 499 मध्ये 3.1416 दिला होता, तो या दोघांपेक्षा बारीक.

चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, बसवणारा लोहार तर यातलं काहीच घेत नाही, पट्टी मुद्दाम चाकापेक्षा किंचित आखूड घेतो, तापवून वाढवतो आणि पाणी मारून आवळतो, तिथं दोन मिलिमीटरचा वाद कोण घालत बसणार. पण पेपरात मात्र प्रश्नात जी किंमत दिलीय तीच घ्यायला सांगा. काहीच दिलेलं नसेल आणि त्रिज्या 7 च्या पाढ्यातली असेल तर 22/7, नाहीतर 3.14.

प्रश्न: कोल्हापूरच्या मामांनी महाराष्ट्र बोर्डाचं भूमितीचं गाईड दिलंय. आपल्या कर्नाटकाच्या एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, चालेल काय?
(दहावीतली विद्यार्थिनी, चिकोडी)

उत्तर: चालेल, पण धडा बघून. आपल्याकडं परिघावरचा कोन आणि चक्रीय चौकोन नववीत होऊन जातात, दहावीच्या वर्तुळात स्पर्शिकाच, म्हणजे वर्तुळाला एकाच बिंदूत शिवणाऱ्या रेषा. तिकडं हे सगळं दहावीच्या एकाच धड्यात आहे, शिवाय छेदिकांची, म्हणजे वर्तुळाला दोन ठिकाणी कापणाऱ्या रेषांची, प्रमेयं जास्तीची. ती आत्ता सोड. स्पर्शिका मात्र त्या गाईडातनं भरपूर सोडव, आणि बाहेरच्या एका बिंदूतनं काढलेल्या दोन स्पर्शिका सारख्या का, याची सिद्धता हात न थांबता लिहिता आली पाहिजे. तिथं पण तेच, स्पर्शबिंदूला त्रिज्या जोड, 90 मिळतो, दोन काटकोन त्रिकोण, एक त्रिज्या, एक सामाईक कर्ण, झालं. त्रिज्या 5 आणि बिंदू केंद्रापासनं 13 वर असला तर स्पर्शिका 12.

प्रश्न: नदीवर 2 इंची दोन पाईप आहेत. ते काढून 4 इंची एकच टाकला तर पाणी तेवढंच येणार असं शेजारी म्हणतात. बरोबर काय?
(ऊस उत्पादक वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर: नाही हो. पाणी व्यासातनं जात नाही, तोंडाच्या जागेतनं जातंय आणि जागा व्यासाच्या वर्गानं वाढते. व्यास दुप्पट तर जागा चौपट, म्हणजे एक 4 इंची पाईप म्हणजे चार 2 इंची पाईप. शिवाय मोठ्या पाईपात पाण्याला कडेचं घासणं कमी लागतंय, तो फायदा वेगळाच. पण मोटर तेवढी ताकदीची पाहिजे, नाहीतर पाईप मोठा आणि पाणी तेवढंच अशी गत व्हायची. विहिरीलाही हाच हिशोब लावा, 20 फुटी विहीर 25 फुटी केली तर खोदाई सव्वापट नाही, दीडपटीच्या वर जाते. ठेकेदार रेट सांगायच्या आधी हे डोक्यात असू द्या.

प्रश्न: चौकोनी गोठा, 10 मीटर बाजू. बाहेरच्या कोपऱ्याला 14 मीटर दोरीनं शेळी बांधलीय. गाईडात उत्तर 462 चौरस मीटर आहे. पण शेळी कोपरा वळून मागं पण जाईल की! माझं चुकतंय काय?
(नववीतला विद्यार्थी, येळ्ळूर)

उत्तर: तुझं बरोबर आहे, गाईडाचं चुकलंय. 462 म्हणजे 270 अंशाची पाकळी, 616 चे तीन चतुर्थांश. भिंत 14 मीटर किंवा त्याहून लांब असती तर तेवढंच उत्तर. इथं भिंत 10 च आहे, म्हणून दोन्ही बाजूंना कोपऱ्यापाशी 4 मीटर दोरी शिल्लक राहते आणि शेळी तिथनं वळते. म्हणजे 4 त्रिज्येच्या 90 अंशाच्या आणखी दोन पाकळ्या, दोन्ही मिळून 25.14. एकूण 487.14. दोरी 20 मीटरपर्यंत हाच हिशोब चालतो, त्याच्यावर गेली की गोठ्यामागं दोन्हीकडचं चरणं एकमेकांवर येतंय, ती जागा दोनदा मोजली जाऊ नये म्हणून वजा करावी लागते. 24 मीटरची आकृती काढून पाठव, पुढच्या अंकात छापू.