२७ चे ७२ आणि रुसलेले आजोबा

"मुलगा दुसरीत, इंग्रजी माध्यमात आहे. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. रोज संध्याकाळी त्याचा अभ्यास तेच घ्यायचे. चाचणीत त्यानं २७ च्या जागी ७२ लिहिलं, ३५ चे ५३ केले. मी वैतागून त्याच्यासमोरच म्हणाले, 'बाबा, उद्यापासून अभ्यास मी घेईन.' तेव्हापासून ते थोरात उद्यानात जाऊन बसतात, आठशिवाय घरी येत नाहीत. नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. माझं चुकलं का?" – एक आई, कोथरूड

तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल.

गृहपाठ स्वतःकडे घेतलास ते ठीकच. पण ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्यांना तू नातवादेखत नापास केलंस गं! ते लागलं त्यांना.

आता त्या ७२ चं बघू. 'सत्तावीस' म्हणताना तोंडात आधी सात येतो, मग वीस. इंग्रजीत आधी ट्वेंटी, मग सेव्हन. पोरगा ऐकू येईल त्या क्रमानं आकडे मांडतो, की झाले ७२. यात आजोबांचा दोष नाही आणि पोराचा तर नाहीच. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस सात' आणलं ते हाच घोळ टाळायला. केवढा गदारोळ झाला होता तेव्हा! तुझे सासरेही कुठल्यातरी कट्ट्यावर तावातावानं बोलले असणार, पैज लावते.

यावर उपाय जुनाच. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायचे. सत्तावीस म्हटलं की दोन गठ्ठे उचलायचे आणि सात काड्या सुट्या. आधी गठ्ठे लिहायचे, मग सुट्या. रोज दहा मिनिटं पुरे. आणि हे काम आजोबांनाच दे. तुझ्यापेक्षा बरं जमेल त्यांना.

शाळेची वही तुझ्याकडे राहू दे. पण पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीडचे जुने पाढे गं!) त्यांच्याकडे आहे. माझीसुद्धा आता अर्धीमुर्धीच उरलीय. त्यांच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे होते. १९५७ मध्ये नवे पैसे आले, आण्यांची गणितं गेली, पण पाव आणि दीड भाजीवाल्याकडे अजून रोज लागतात. रविवारी दोघांना मंडईत पाठव. गवार ऐंशी रुपये किलो, तर पाव किलो केवढ्याला? कांदे तीस रुपये, दीड किलोचे किती? पैसे नातवानं द्यायचे, उरलेले त्यानंच मोजून घ्यायचे. एकदा-दोनदा फसला तर फसू दे.

आणि नवऱ्याला सांग, वडील त्याचे आहेत. बागेतून त्यांना बोलावून आणायचं काम त्याचं, पोराला बरोबर घेऊन. तू गेलीस तर "मला काय झालंय?" म्हणून आणखी अर्धा तास बसतील.

काड्या तेवढ्या आधी तयार ठेव. खराट्याचे हीर तोडलेस तरी चालतील.