बाटलीचं काय झालं?

प्रिय मुला,

तुझा रात्री दीड वाजताचा तो लांबलचक मेसेज सकाळी दोनदा वाचला. नव्या सर्व्हेसाठी तू त्या गल्लीत घेतलेल्या मीटिंगला अकराच माणसं आली, त्यातले एक काका "दर वर्षी तुमच्यातलं कुणीतरी येतं, फॉर्म भरून घेतं आणि जातं" असं तोंडावर बोलून उठून गेले, आणि आता गावातले लोक कृतघ्न आहेत असं लिहून तू विचारतोयस की लोकांनाच नको असेल तर आपण का मरायचं. धीर वगैरे मी देत बसणार नाही, तुला त्याची गरज नाही. एकच सांग, गेल्या वर्षी तुमच्याच डिपार्टमेंटने त्याच गल्लीत सर्व्हे केला होता ना? त्यातून काय निघालं हे त्या काकांना कुणी जाऊन सांगितलं?

नाही ना? मग काकांचं बरोबर आहे. ज्याच्या दारातून काही घेतलं त्याच्या दारात परत जायचं. बस्स, मला एवढंच म्हणायचंय, आणि हे पत्र संपेपर्यंत मी तेच म्हणत राहणार आहे.

मी स्वतः गेले नव्हते रे, म्हणून सांगतेय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या मागच्या भिंतीला लागून जी घरं होती तिथल्या विहिरींचं पाणी मी तपासायला घेतलं. एका आजींनी स्वतः पाणी काढून दिलं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा म्हटलं तर त्यांनी चारदा विसळली, फडक्याने बाहेरून कोरडी केली, आणि मी लेबलवर नाव लिहीत होते तेव्हा वाकून बघितलं, बरोबर लिहितेय ना म्हणून. त्यांच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅमची आहे आणि ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी आहे, कारण नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

हे सगळं मला माहीत होतं. थिसिसमध्ये आहे, नमुना क्रमांक १४. पेपर छापून आला, मी दुसरीकडे नोकरीला लागले, सात वर्षांनी परत आले तेव्हा त्या आजी रस्त्यात भेटल्या आणि पहिलंच वाक्य, "बाटलीचं काय झालं गं?" मधल्या काळात घरात नातू आला होता आणि त्या त्याच्या दुधाचं पाणी रोज नीट उकळून घेत होत्या. नातवाला काही झालं नाही. पण ते माझ्यामुळे नाही, हे मला अजून रात्री आठवतं.

तेव्हा गावातले लोक कृतघ्न आहेत असं पुन्हा लिहू नकोस. तू कॅम्पसच्या आतून बघतोयस. बाहेरून बघ जरा. चार विद्यार्थी मिळून जेवढं भाडं देतात तेवढं एका कुटुंबाला परवडत नाही, मग कुटुंबं लांब जातात, शाळेतली पोरं कमी होतात, सुट्टी लागली की अख्खी गल्ली अंधारात. ब्रिटनमध्ये ज्या घरात फक्त फुलटाइम विद्यार्थी राहतात त्या घराला कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर, माफ आहे, कचरा मात्र उचलावाच लागतो. एवढं सोसणाऱ्या माणसाकडे आपण अजून एक फॉर्म घेऊन जातो आणि त्याने हसून दार उघडावं अशी अपेक्षा ठेवतो!

आणि गावं विसरत नाहीत. ऑक्सफर्डमध्ये १० फेब्रुवारी १३५५ ला दारूच्या गुत्त्यात वाईन खराब आहे म्हणून विद्यार्थ्यांचं वाजलं आणि त्यातून दंगल पेटली, दोन्हीकडची माणसं मेली. राजाने बाजू घेतली युनिव्हर्सिटीची. पाव आणि बिअरवरची देखरेख, वजनमापं, सगळं तिच्या हातात गेलं, आणि शहराच्या मेयरला मानकऱ्यांसकट दर वर्षी त्या दिवशी चर्चमध्ये जाऊन माणशी एक पेनी भरायला लावली. १८२५ पर्यंत चाललं हे, म्हणजे ४७० वर्षं. रीतसर समेट १९५५ साली, मेयरला मानद पदवी आणि कुलगुरूंना शहराचं मानद नागरिकत्व. तुझे काका तर गेल्या वर्षीचंच बोलत होते.

परत जायचं म्हणजे रिपोर्टची पीडीएफ पाठवायची असं नाही हं. अमेरिकेत १८६२ च्या कायद्यातून शेतकी कॉलेजं उभी राहिली पण तिथलं ज्ञान शेतापर्यंत नीट पोचेना, शेवटी १९१४ साली स्मिथ-लिव्हर कायदा करून त्यासाठी वेगळा पैसा आणि वेगळी माणसं द्यावी लागली. ती माणसं त्याच भागात राहून काम करायची. सल्ला चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच शेतकऱ्याला तोंड दाखवावं लागणार, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तू म्हणशील गाइड विचारतात पेपर किती झाले, दारात किती वेळा गेलास ते कोण विचारतं. खरंय. आजी भेटल्यानंतर मी प्रत्येक नमुन्याचा निकाल घरी नेऊन द्यायला लागले, एकेका घरात तास तास जायचा, पेपर कमी झाले, प्रमोशन माझ्यानंतर लागलेल्यांना आधी मिळालं, "समाजसेवा करायची तर इथे कशाला आलात" हेही ऐकलं. मला त्याचा पस्तावा नाही. खरंच नाही. त्या वस्तीतल्या तीन विहिरी पिण्यासाठी बंद झाल्या आणि नळ आला, ते कुठल्या जर्नलमध्ये नाही पण झालंय. वाईट एवढ्याचंच वाटतं की सात वर्षं उशीर केला.

आता नवीन फॉर्म कपाटात ठेव. गेल्या वर्षीचा डेटा डिपार्टमेंटकडून मागून घे, देत नसतील तर माझं नाव सांग. त्यातलं त्या गल्लीपुरतं जे आहे ते एका पानावर, मोठ्या अक्षरात, साध्या भाषेत लिही आणि रविवारी आधी त्या काकांकडे जा. ग्रुप नेऊ नकोस, फोटो काढू नकोस. ते चिडले तर ऐकून घे. आणि पुढच्या महिन्यात परत जा, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

पानाचा ड्राफ्ट मला शुक्रवारपर्यंत पाठव, मी बघून देते.

तुझी,
मॅडम