व्हॉल्व्हचा कार्बन घरी काढताना

भावा, इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलंयस तर आता घाई करू नकोस. आधी इनटेक (आत घेणाऱ्या) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हवर खुणा कर. प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या सीटवरच, म्हणजे हेडमधल्या त्याच्या गोल बैठकीवरच, बसला पाहिजे.

मग व्हॉल्व्ह काढून रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेव. सकाळी कार्बन मऊ झालेला असतो, पितळी ब्रशनं निघतो. दांडीला कापड गुंडाळून ड्रिलमध्ये हलकेच धरून फिरवलास तर काम झटक्यात होतं. पण सीटला टेकणारी ती तिरकी कड, तिथं पॉलिश पेपर लावायचा नाही म्हणजे नाही! मी पहिल्यांदा हौसेनं तीच चकचकीत केली आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपात सीट कटिंगचे, म्हणजे सीट परत कापून घ्यायचे, पैसे मोजून आलो.

मग त्या कडेला फक्त बारीक ग्राइंडिंग पेस्ट लाव, व्हॉल्व्ह सीटवर ठेव, रबरी कपाची काठी त्याला चिकटव आणि दोन्ही तळहातांनी रवीसारखी फिरव. कडेवर सलग राखाडी पट्टा दिसला की बास. पेस्ट पेट्रोलनं पूर्ण धुऊन काढ, गाइडमध्ये (दांडी सरकते त्या नळीत) कणभर राहिली तरी दांडी खाते. व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) पेट्रोल ओत, पाझरलं तर परत घास. हे सगळं उघड्यावर कर, आसपास बिडी-सिगरेट नको.

इनटेकच्या मागं ओला, तेलकट कार्बन असेल तर बहुतेक दांडीवरचे तेल अडवणारे सील गेलेत. ते नवेच टाक, मर्दा.