सह्याद्रीत नेहमी ट्रेक करणाऱ्याला मनास्लू सर्किट झेपेल का?

झेपेल, पण घाईत नाही. सह्याद्रीत पाय आणि दम तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. नेपाळमधल्या या ट्रेकची लारक्या ला खिंड ५,१०० मीटरच्या वर आहे.

सुरुवातीचे दिवस बुढीगंडकीच्या खोऱ्यातून उकाड्यात, चढ-उतार करत जातात. खरी कसोटी सामागाव या वरच्या गावानंतर. तिथे विरळ हवेची सवय व्हायला एक दिवस जास्तीचा ठेवाच, आणि तो झोपून काढू नका. बीरेंद्र ताल (तलाव) किंवा पुंग्येन गोम्पापर्यंत (बौद्ध मठ) चढून मुक्कामाला खाली या. पुढच्या सामदो गावीही थांबता आलं तर उत्तम. एजन्सी 'दोन दिवस वाचवू' म्हणाली, तर ती एजन्सी बदला.

खिंडीच्या दिवशी धरमशाळा या खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामाहून (सुमारे ४,४६० मीटर) पहाटे तीन-चारला अंधारातच निघतात. हायड्रेशन पॅकची नळी गोठते, म्हणून पाणी बाटलीत भरून जॅकेटच्या आत ठेवा. खिंडीपलीकडचा, भीमथांग या मुक्कामाकडचा उतार लांब, तीव्र आणि बऱ्याचदा बर्फाळ असतो. गुडघे तिथेच बोलायला लागतात. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे बर्फासाठीचे काटे) आणि काठ्या हव्यातच.

परमिट लागतं, गाइडही सक्तीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा चालताना तोल जाणं सुरू झालं, तर रात्र असली तरी खाली उतरा. खिंड पुढच्या वर्षीही तिथेच असेल.